गायरानावर झाडांना निधी, माणसांना नोटीस

पर्यावरण रक्षणासाठी सरकारकडे पैसा नाही, असे आपण नेहमी ऐकतो. हे अर्धेच खरे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने भरपाई वनीकरणाचे ४७ हजार ४३६ कोटी रुपये राज्यांकडे वर्ग केले. त्यातले सुमारे ३ हजार ८४४ कोटी महाराष्ट्राला मिळाले. त्याच वर्षी राज्याने ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. या वृक्षलागवडीच्या चौकशीसाठी २०२१ साली विधिमंडळाची समिती नेमावी लागली, हा भाग वेगळा! हा पैसा कोणत्या जमिनीवर उतरतो आणि तिथून कोणाला उठवतो, हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे.

जिंतूर तालुका घ्या. परभणी हा राज्यातील अत्यंत कमी जंगलाच्या जिल्ह्यांपैकी एक. जिल्ह्यातले डोंगर आणि माळरान प्रामुख्याने जिंतूरकडे. म्हणजे हिरवाई वाढवायची म्हटली की नजर जाणार वनखात्याच्या जागेवर आणि गायरानावर. आणि मराठवाड्यातले गायरान मोकळे नाही. १९५३ पासून शेड्युल्ड कास्ट फेडरेशनने इथे भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो देशभर नेला. दगडगोटे वेचून बौद्ध, मातंग आणि भटक्या समाजाने ही जमीन कसायला घेतली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतचा त्यांचा ताबा नियमित करायचे ठरवले. आजही कित्येकांचा सातबारा कोरा आहे.

पुढे २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग निकाल आला आणि राज्याने १२ जुलै २०११ ला गायरान अतिक्रमणांविरुद्ध आदेश काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फर्मान दिले, तेव्हा राज्यात गायरानावर सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणे मोजली गेली होती. नोटिसा निघाल्या. पण जगपाल सिंग निकालातच एक अपवाद आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, तर नियमितीकरणाचा विचार होऊ शकतो. नोटीस काढणारे हे वाक्य कधी वाचत नाहीत. गायरान गिळणारा गावचा धनदांडगा आणि दोन एकरांवर ज्वारी पेरणारी विधवा, दोघेही त्यांच्या लेखी 'अतिक्रमणधारक'!

वनजमिनीवर तर आणखी कठीण. वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. हिशेब जातो १९३० पर्यंत. जिंतूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. महारवाड्यातला माणूस कुठे राहतो आणि काय पेरतो, याचा कागद त्या काळी कोण जपून ठेवणार होते?

यातली गंमत अशी की दादासाहेबांच्याच नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन दलिताला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन शासन खरेदी करून देते, २०१८ पासून तर शंभर टक्के अनुदानावर. एका खात्याने जमीन विकत घेऊन द्यायची आणि दुसऱ्याने कसत असलेली काढून घ्यायची, हा कोणता न्याय?

झाडांना आपला विरोध नाही. दुष्काळ आधी आपल्याच वस्तीत शिरतो. परंतु गायरानाची राखण जो तीस-चाळीस वर्षे करतो आहे, त्यालाच रोप, खड्ड्याची मजुरी आणि फळाचा हक्क का देऊ नये? वनीकरण निधीच्या नियमात ग्रामसभा 'किंवा' वन व्यवस्थापन समितीशी सल्लामसलत असे लिहिले आहे. या 'किंवा'त आपली माणसे बाहेर राहतात. म्हणून जिंतूर, चारठाणा, बोरी परिसरातील कार्यकर्त्यांनी तलाठ्याकडून गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमण नोंदवहीची नक्कल काढावी. दंडाच्या जुन्या पावत्या गोळा कराव्यात. आणि लागवडीचा आराखडा ग्रामसभेत मांडल्याशिवाय गायरानात एकही खड्डा नको, असा ठराव लेखी घ्यावा.