नाव नव्हे, वेळापत्रक विचारा



गेल्या महिन्यात परभणी जिल्ह्यातून एका बहिणीचं पत्र आलं. वय ३२. डी.एड. आणि बी.ए. झालेलं, उर्दू प्राथमिक शाळेत नोकरी, दोन मुलं. शौहर पुण्याला गॅरेजमध्ये कामाला, महिन्यातून एकदा घरी येतात. त्या लिहितात, "बाजी, मला एम.ए. करायचं आहे. आमचे दीर म्हणतात, शहरात एक ऑफिस आहे. ४०,००० रुपये भरले की एका वर्षात डिग्री हातात देतात, परीक्षेचीही काळजी नाही. अम्मी म्हणतात, पैसेच भरायचे तर मोठ्या नावाच्या कॉलेजात भर. तुम्ही सांगा, सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं?"

हा प्रश्न मीही एकदा विचारला होता, आणि त्यापायी माझं एक वर्ष वाया गेलं. म्हणून उत्तराआधी ती हकिकत सांगते.

तेव्हा मी मिरजेत एका दवाखान्यात हिशेबाचं काम करत होते. वेळ दहा ते सहा. एम.कॉम. करायची फार हौस. कोल्हापुरातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि घरात पेढे वाटले. मी फक्त फी विचारली होती, तासांची वेळ विचारली नव्हती. "नोकरी करणारे बरेच असतात, हजेरीचं होऊन जातं," असं खिडकीवरच्या माणसानं सांगितलं आणि मला तेवढंच ऐकायचं होतं. तास दुपारी असत. मी रजा काढून, कधी शनिवारी पॅसेंजर पकडून जात राहिले. परीक्षेच्या तोंडावर ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची यादी फलकावर लागली. त्यात माझं नाव होतं.

फी गेली, रजा गेल्या. त्याहून वाईट म्हणजे घरातल्यांचा भरवसा गेला. "तिला झेपणार नाही, आम्ही सांगतच होतो," असं नातेवाईक म्हणू लागले आणि मलाही ते खरं वाटू लागलं. अब्बा रेल्वेत होते, सारी नोकरी मिरज जंक्शनवर झालेली. ते एवढंच म्हणाले, "बेटी, गाडी चांगलीच होती. पण ती तुझ्या गावाला जाणारी नव्हती."

ते वाक्य समजायला मला दोन वर्षं लागली. पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलीसाठी कॉलेजचं नाव, ग्रंथालय, मोठमोठे प्राध्यापक हे सगळं महत्त्वाचं असतं. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या बाईसाठी पहिला प्रश्न वेगळा असतो: शेवटच्या पेपरापर्यंत मी इथे टिकेन का? जिथे टिकता येईल ते कॉलेज आपल्यासाठी चांगलं.

आता पत्रातल्या बहिणीकडे येते. आधी त्या ४०,००० रुपयांच्या ऑफिसबद्दल. तिथे पाऊलही ठेवू नका. तीन वर्षांची पदवी झालेल्यांसाठी एम.ए. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. नव्या धोरणात एका वर्षाची पदव्युत्तर पदवी आहे, पण ती चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी. शिवाय विद्यापीठांनी आपलं दूरशिक्षण दुसऱ्याच्या दुकानातून, फ्रँचाइजी देऊन चालवायला यूजीसीच्या नियमांत बंदी आहे. परीक्षेशिवाय मिळालेला कागद बढतीच्या वेळी तपासणीला गेला की पदवी तर जातेच, असलेली नोकरीही धोक्यात येते. दीर भलं चिंतूनच सांगत असतील. त्यांना हे सगळं शांतपणे समजावून सांगा.

मग खरं कॉलेज ओळखायचं कसं? यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. २८ डिसेंबर १९५३ रोजी तेव्हाचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. या आयोगाचा दूरशिक्षण विभाग कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या सत्रासाठी, कोणता अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं चालवायची परवानगी आहे याची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवतो. नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून थांबू नका. आपला विषय आणि आपलं सत्र, दोन्ही त्या यादीत हवेत. विद्यापीठ खरं असलं तरी एखाद्या विषयाची परवानगी नसू शकते. उदाहरणार्थ, समुपदेशनाच्या ओढीनं बऱ्याच भगिनी मानसशास्त्राबद्दल विचारतात. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, पोषणशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले अभ्यासक्रम दूरशिक्षणानं शिकवणं यूजीसीनं थांबवलं आहे. कोणी जुनं माहितीपत्रक दाखवून पैसे मागितले तर भुलू नका. आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आता विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. तो आपल्या मोबाइलवरून आपणच काढावा, एजंटाच्या नंबरवरून नाही.

"मुक्त विद्यापीठाची पदवी म्हणजे हलकी," असं अजूनही घरोघरी ऐकू येतं. यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं घेतलेली पदवी नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची आहे. अम्मींना हे जरूर वाचून दाखवा.

आपल्यासाठी वाटा कोणत्या? नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. मराठीतून शिकायचं असेल तर आपल्या राज्यातल्या बहुतेकांना तेच जवळचं पडतं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चं. त्याची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. तिथे एम.ए. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतं. एखाद्या वर्षी घरात आजारपण आलं, बाळंतपण आलं, तरी रस्ता बंद होत नाही. पत्रातल्या बहिणीसारख्या उर्दूतून शिकलेल्यांसाठी हैदराबादचं मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी आहे. १९९८ मध्ये सुरू झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ उर्दू माध्यमातून दूरशिक्षण देतं. भाषेचा प्रश्न छोटा समजू नका. दिवसभर शाळा, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रात्री अनोळखी भाषेतलं पुस्तक उघडलं तर दोन पानांतच डोळे मिटतात.

नेहमीच्या कॉलेजात सकाळची किंवा संध्याकाळची तुकडी असेल तर तीही उत्तम वाट. समोर बसून शिकण्याची गोडी वेगळीच. फक्त मी विचारले नाहीत ते प्रश्न तुम्ही विचारा. तास किती वाजता सुरू होतात आणि किती वाजता सुटतात? हजेरी किती टक्के लागते, आणि ते लेखी कुठे आहे? परीक्षा कोणत्या महिन्यात, कोणत्या गावात? शेवटची एस.टी. किती वाजता? एक पेपर राहिला तर पुढच्या सत्रात तेवढाच देता येतो का? या प्रश्नांना "होऊन जातं" असं उत्तर मिळालं तर समजा, तिथे होत नाही.

आणखी एक गोष्ट कॅलेंडर पुढे ठेवून पाहा. रमजान दरवर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो. दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात तो वेगवेगळ्या महिन्यांत येणार. परीक्षा किंवा स्वाध्याय जमा करण्याची तारीख रोज्यांत येते का, ते आधीच पाहिलं तर लिखाण शाबान महिन्यातच उरकता येतं. इग्नूत साधारण ३० टक्के गुण स्वाध्यायांना असतात. घरी बसून, पुस्तक पाहून मिळवायचे हे गुण आळसापायी गमावू नका.

प्रवेश घेण्याआधी त्या केंद्रातल्या, आपल्यासारखीच नोकरी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला भेटा. पुस्तकं वेळेवर येतात का, रविवारचे वर्ग खरंच होतात का, निकाल किती लांबतो, हे माहितीपत्रक सांगत नाही, ती सांगेल.

आणि पदवी कशासाठी हवी, हेही आधी ठरवा. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं असेल तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं, म्हणजे एम.ए. ही अर्धीच वाट. सीनिअर कॉलेजचं स्वप्न असेल तर खुल्या प्रवर्गाला किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट लागते. तिथे नुसतं पास होऊन चालत नाही. मग घाईनं दोन वर्षांत उरकण्यापेक्षा तीन वर्षं घेऊन गुण राखणं शहाणपणाचं. आणि केवळ इल्मची ओढ असेल तर तीही पुरेशी आहे. त्याची सफाई कोणाला द्यायची गरज नाही.

शेवटची गोष्ट घरातली. दुसऱ्यांदा मी सांगलीच्या अभ्यास केंद्रात प्रवेश घेतला, तेव्हा फी भरण्याआधी सगळ्यांना दस्तरखानावर बसवलं आणि सांगितलं: रविवारी सकाळी मी घरी नसेन, आणि रोज ईशाच्या नमाजनंतर एक तास मला कोणी हाक मारायची नाही. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारचा नाश्ता मी बघते. पण या वेळी पूर्ण कर." पुढे त्यांनी मुलांना त्या एका तासात माझ्या खोलीच्या दाराशीही फिरकू दिलं नाही. दोन वर्षांचं एम.कॉम. मी तीन वर्षांत केलं. निकाल आला तेव्हा पेढे त्यांनीच आणले. अब्बा मात्र तो दिवस पाहायला राहिले नव्हते.

तर परभणीच्या माझ्या बहिणी, सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं हे मी इथून सांगू शकत नाही. ते तुमच्या शाळेची वेळ, शौहरची येण्याची तारीख, मुलांची परीक्षा आणि शेवटची एस.टी. यांवर ठरेल. एक कागद घ्या आणि तुमच्या आठवड्यातले खरोखर मोकळे तास त्यावर लिहा. तो कागद घेऊन कॉलेजच्या खिडकीपाशी जा. त्या तासांत बसेल तेच तुमचं कॉलेज. आणि ते ४०,००० रुपये जपून ठेवा. फी, पुस्तकं आणि दोन-तीन वर्षांचा प्रवासखर्च त्यातून भागवायचा आहे.

प्रवेश झाला की कळवा. दुआ आहेच.