उकिरड्याचे उपवन

मनुष्यस्वभाव मोठा विचित्र आहे. हिरवी झाडी पाहावयाची झाली, की आपण माथेरान-महाबळेश्वरची वाट धरतो. पण घराजवळच्या बागेत पाऊल टाकावयास आपल्याला सवड होत नाही. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ म्हणतात, तो हाच. दूरचे ते सुंदर आणि जवळचे ते सामान्य, हा समज मला मुळीच पटत नाही.

मुंबईतील माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहा. एका बाजूस धारावीची दाट वस्ती, दुसऱ्या बाजूस मिठी नदी आणि समोरच्या रस्त्यावर वाहनांची अखंड वर्दळ. येथे काही रम्य असेल, अशी शंकाही वाटसरूच्या मनास शिवत नाही. परंतु फाटकातून आत जावे, तो हळूहळू गोंगाट मागे पडतो आणि पानांची सळसळ कानी येऊ लागते. झाडांच्या गर्द सावलीत पाखरांची किलबिल चाललेली असते, फुलांवर फुलपाखरे भिरभिरत असतात आणि नदीच्या काठाशी तिवरांची झाडी चिखलात पाय रोवून उभी असते.

खरे नवल तर पुढेच आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा म्हणजे पूर्वी शहराचा केरकचरा टाकण्याचे ठिकाण होते! १९८३ साली तेथे वृक्षारोपणास प्रारंभ झाला. त्या वेळी थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी तेथे रोप लावले. त्यांनी तेव्हा वयाची ८५ वर्षे ओलांडली होती. १९८७ मध्ये ते निवर्तले आणि उद्यान लोकांसाठी खुले झाले ते १९९४ साली. ज्या झाडाच्या सावलीत आपण बसणार नाही, त्याचे रोप लावणारे हात मला फार मोलाचे वाटतात.

‘बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात’, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी, पण अर्धीच. नुसती वर्षे लोटल्याने उकिरड्याचे दैन्य सरत नाही. कोणीतरी खड्डे खणावे लागतात, रोपांना पाणी घालावे लागते, ती राखावी लागतात. शिवाय कचऱ्याची बाग व्हावयास अकरा वर्षे लागली, तरी बागेचा कचरा व्हावयास आपला चार दिवसांचा निष्काळजीपणा पुरतो.

मुलांनो, तुमच्याही घराजवळ एखादी लहानशी बाग असेल. तेथील एका तरी झाडाशी ओळख करून घ्या. त्याला पालवी केव्हा फुटते, त्यावर घरटे कोण बांधते, हे वर्षभर पाहा. अनोळखी झाड नाहीसे झाले, तर ते आपल्या ध्यानीही येत नाही. ओळखीच्या झाडावर कुऱ्हाड पडली, तर मात्र जीव कळवळतो आणि पाय आपोआप धाव घेतात. म्हणून माझे सांगणे एवढेच, की बाग राखावयाची असेल, तर आधी बागेत जावयास शिकले पाहिजे.