तलावाचा काठ मोकळा राहू द्या

समुद्राच्या किनाऱ्याला १९९१ पासून कायद्याचे कवच आहे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत काय बांधायचे आणि काय नाही, याचे नियम सीआरझेडने घालून दिले. ते मोडले जातात हे खरे, पण निदान मोडले तर कोर्टात बोट दाखवायला जागा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही. इथला किनारा म्हणजे तलावाचा काठ. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव आहेत आणि त्यांचा मोठा वाटा या दोन जिल्ह्यांत आहे. सकाळी फिरायला, संध्याकाळी वाऱ्याला बसायला, गुरे पाण्यावर न्यायला, मासे धरायला लोक याच काठावर येतात. या काठाची भरतीरेषा मात्र कोणी आखलेली नाही.

२०१७ च्या पाणथळ जागा नियमांत गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकामाला मनाई आहे. पण त्याच नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलसाठे वगळले आहेत. मामा तलाव बांधले गेले ते धानाच्या पाण्यासाठीच. शे-दोनशे वर्षांत त्यांच्यावर कमळे आली, पक्षी आले, तरी कागदावर ते सिंचनाचे साधनच राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पाळीची, सांडव्याची काळजी घेणारा कोण, हा प्रश्न तेव्हापासून उघडाच आहे.

चंद्रपूर शहरातला गोंडकालीन रामाळा तलाव हे याचे ठळक उदाहरण. नाल्यातून येणारे सांडपाणी, त्यावर पोसलेली इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, आणि दुर्गंधी. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये या तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला आणि त्यानंतर पाणी सोडून गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. एका तलावासाठी माणसाला उपाशी बसावे लागते, यातच यंत्रणेचे वर्णन आले.

गाळ निघाला की पुढचा शब्द येतो तो सौंदर्यीकरणाचा. एखाद्या तलावाला निधी मिळाला की सभोवती सिमेंटची भिंत, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, रंगीत दिवे आणि कारंजे, हा आराखडा जणू तयारच असतो. फिरायला जागा हवी, यात वाद नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या आणि २००९ पासून अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत नाव असलेल्या चंद्रपुरात तो करायचा कुठे? इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ मधील पाहणीत आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती अधिक चांगली असल्याचे सांगितले. (निरोगी माणसेच जास्त फिरतात, असेही असू शकते, अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही.) तेव्हा ट्रॅक हवाच. प्रश्न आहे तो कुठून न्यायचा याचा.

तलावाचा सर्वांत जिवंत भाग मधले खोल पाणी नव्हे. गुडघाभर पाण्याची उतरती कड, जिथे ऊन तळापर्यंत पोचते, तिथे पाणकणीस, देवधान, कमळ उगवते. मरळ तिथल्या गवतात घरटे करते आणि नर-मादी पिलांची राखण करतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, ती उबवतो नर. पावसाबरोबर वाहून येणारी माती आणि खतातले नायट्रोजन-फॉस्फरस याच पट्ट्यात अडते. भिंत बांधली की हा पट्टा नाहीसा होतो, आत येणारे पोषकद्रव्य थेट पाण्यात मिसळते आणि अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होणाऱ्या जलपर्णीला आयतेच खाद्य मिळते. मग ती काढायला पुन्हा निविदा.

यात डासांचा हिशेब कोणी मांडत नाही. गडचिरोलीचे हिवताप आणि पूर्व विदर्भाचा हत्तीरोग हे आरोग्य खात्याच्या कायमच्या चिंतेचे विषय आहेत. हत्तीरोगाचे जंतू पसरवणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या, सांडपाण्याच्या पाण्यात वाढतो. त्याच्या अळ्या खाणारे कोण? लहान मासे आणि चतुराच्या पाण्यातल्या अळ्या. चतुराची अळी पूर्ण वाढली की गवताच्या काडीवर चढते आणि तिथे कात टाकून उडते. काडीच नसेल तर चतूर कमी होतात. ‘झाडझाडोरा काढला की डास जातात’ हा समज म्हणूनच अर्धवट आहे. काठावरचे सगळे गवत खरडून सांडपाण्याचा नाला तसाच ठेवला, तर डासांचे शत्रू गेले आणि पाळणाघर राहिले. आधी नाला वळवा, मग गवताकडे बघा. बेशरमसारखे उपरे झुडूप जरूर उपटावे. पाणकणसाला त्याच मापाने मोजू नये.

गाळ काढण्याच्या कामातही हेच होते. गाळमुक्त धरण योजनेत पोकलेन लावून कड सरळ कापली, तर पाणी साठते, पण उथळ उतार जातो. पाय घसरलेल्या मुलाला आणि पाण्यावर उतरलेल्या गुरालाही मग पहिल्याच पावलाला डोक्याएवढे पाणी लागते.

उपाय खर्चिक नाहीत. ट्रॅक पूररेषेच्या बाहेर, पाळीवर किंवा झाडांच्या मागून न्यावा, तोही एका बाजूने. दुसरी बाजू पक्ष्यांना सोडावी. पेव्हरऐवजी मुरूम चालतो, गुडघ्यांनाही तो बरा. दिवे पाण्यावर न टाकता पायवाटेवर टाकावेत. मूर्ती कृत्रिम कुंडात विसर्जित कराव्यात. हॉटेल, दुकाने, पार्किंग काठापासून लांब.

आणि अधिकार आहेत. तलाव, तळी ही समाजाची संपत्ती असून ती जपलीच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी प्रकरणात म्हटले. वनहक्क कायद्यात जंगलातल्या जलसाठ्यांतील मासे आणि इतर उत्पादनांवर सामूहिक हक्क आहे. मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये मिळवलेल्या सामूहिक वनहक्कानंतर गडचिरोलीतील शेकडो ग्रामसभा त्या वाटेने गेल्या. पेसा क्षेत्रात लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले आहे. शहरात मात्र हे काम महापालिकेचेच. येत्या पावसाळ्यात पाणी जिथवर चढेल तिथे चुन्याची किंवा दगडाची खूण करायला तलाठी, एक ग्रामपंचायत सदस्य आणि गावातला एखादा ढिवर पुरेसे आहेत. सौंदर्यीकरणाचा आराखडा त्या खुणेनंतर मागवावा.