सलाईनच्या बाटलीतलं झाड

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की पहिल्या आठवड्यातच त्या घरातल्या मोबाइलवर मेसेजची रांग लागते. हळद-मिरी, गव्हांकुरांचा रस, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, सदाफुलीची पानं. मागोमाग एखादी मावशी मायेनं सांगते, 'केमो म्हणजे विष गं, त्यापेक्षा झाडपाल्याचं घे. गुण नाही आला तरी अपाय तरी नाही.' या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न सतत असतो. विचारणाऱ्या बहुधा मुली किंवा सुना असतात. त्या घाबरलेल्या असतात आणि त्यांना दोन्हीकडून कुणीतरी ओढत असतं.

त्यांना मी आधी एवढंच सांगते की केमोच्या बाटलीतही बऱ्याचदा झाडच असतं.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले हे वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात 'पॅसिफिक यू' या झाडाची साल गोळा करत होते. लाकूडतोड करणाऱ्यांच्या लेखी हे झाड बिनकामाचं. मोठे वृक्ष पाडले की ते जाळून टाकायचे. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं मिळेल ती वनस्पती तपासायचा सपाटा लावला होता. वीसेक वर्षांत लाखाहून जास्त अर्क तपासले गेले आणि त्यातले फार थोडे रुग्णापर्यंत पोचले. यूची साल नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे आली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून ते अमेरिकेला गेले होते. बारा किलो वाळलेल्या सालीतून या दोघांच्या हाती जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ लागला. त्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. आज पॅक्लिटॅक्सेल या नावानं देशातल्या प्रत्येक कर्करोग रुग्णालयात टांगलेलं असतं ते हेच औषध. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली १९९४ साली. साल काढल्यापासून बत्तीस वर्षांनी.

ही बत्तीस वर्षं कशात गेली, ते डे-केअर वॉर्डात तासभर बसलं की कळतं. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. मग ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. हे द्रावक काहींना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, छाती भरून येते, रक्तदाब उतरतो. म्हणून बाटली लावण्याआधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देतात, आणि पहिली काही मिनिटं सिस्टर खाटेजवळून हलत नाही. नेहमीची प्लास्टिकची नळी चालत नाही, वेगळी लागते. बाईची उंची आणि वजन घेऊन मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरवलेली असते. काही आठवड्यांनी बोटांची टोकं बधिर व्हायला लागतात. ब्लाउजचे हूक लावताना ते हाताला लागत नाहीत, साडीच्या निऱ्या सुटतात. डॉक्टरांना हे सांगितलं तर मात्रा कमी करता येते. म्हणजे झाडातलं औषध अपायकारक नसतं हे मावशीचं म्हणणं याच वॉर्डात खोटं ठरतं. अपाय मोजून, सांभाळून, फायद्याशी ताडून पाहिला म्हणून ते औषध झालं.

सदाफुलीचंही तसंच. कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर १९५० च्या दशकात तिच्या पानांत मधुमेहाचं औषध शोधत होते. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं, आणि त्याच कुळातलं व्हिनोरेलबिन आज पसरलेल्या स्तन-कर्करोगात वापरतात. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांची एक परांची उभी राहते. सदाफुलीचं औषध ती उभीच राहू देत नाही. यूचं औषध एकदा उभी राहिलेली उतरवू देत नाही. दोन्ही वाटांनी पेशीचं दुभंगणं अडतं. पण ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. कुंडीतली चार पानं चावून ते मिळत नाही. मिळतं ते एवढंच, की त्या पानांतल्या बाकीच्या द्रव्यांनी काय होईल याचा कुणी हिशेब केलेला नसतो.

वाणींचं दुसरं काम याहून जुनं आणि, माझ्या मते, जास्त शिकवणारं आहे. १९६६ मध्ये त्यांनी आणि वॉल यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. सत्तरच्या दशकात ते माणसांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं आणि चाचण्या थांबल्या. काही वर्षांनी त्याचं काम पेशीत नेमकं कुठे चालतं ते उमगलं, रेणूत फेरफार करून नवी औषधं निघाली, आणि आता त्याचेच वंशज प्रतिपिंडाला जोडून थेट गाठीतल्या पेशींपर्यंत पोचवले जातात. स्तन-कर्करोगाच्या ज्या ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात हाती फारसं काही नव्हतं, त्यासाठीचं असं एक औषध अमेरिकेत मान्य झालं एप्रिल २०२० मध्ये. त्याच महिन्यात वयाच्या ९५ व्या वर्षी वाणी गेले. नंदुरबारच्या शाळकरी मुलांना हे नाव माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात भरपूर असतं. घाण वासाचं झाड म्हणून त्याचं नाव नरक्या. आंबोलीपासून साताऱ्याच्या डोंगरांपर्यंत त्याची चोरटी तोड झाली, ढलप्या पोत्यात भरून बाहेर गेल्या. तोडणाऱ्याच्या हाती चार पैसे पडले आणि जंगल विरळ झालं. हिमालयातल्या थुनेरची, म्हणजे आपल्याकडच्या यूची, गत याहून वेगळी नाही. फ्रान्समध्ये मात्र पिएर पोतिए यांनी सालीऐवजी यूच्या पानांतून डोसेटॅक्सेल या पॅक्लिटॅक्सेलसारख्याच औषधाची वाट काढली. पानं पुन्हा येतात, झाड मरत नाही. नरक्याच्या लागवडीला वनखात्यानं आणि औषध कंपन्यांनी पैसा घालावा ही मागणी मी यापुढेही करत राहीन.

आता हळद. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत कर्क्युमिन स्तन-कर्करोगाच्या पेशी मारतं, हे खरं आहे. पण आतडं आणि यकृत त्याचा इतक्या झपाट्यानं निकाल लावतात, की दिवसाला आठ ग्रॅम देऊनही रक्तात नाममात्र सापडतं. मिऱ्यातलं पिपेरिन घातलं की ते जास्त शोषलं जातं, आणि इथेच खरी काळजी सुरू होते. पिपेरिन यकृताच्या ज्या यंत्रणेला अडवतं, तिच्यावर इतर औषधंही अवलंबून असतात. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन हे स्तन-कर्करोगावरचं औषध घेणाऱ्या स्त्रियांना कर्क्युमिन-पिपेरिनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा औषधाचा रक्तातला कामाचा अंश घटला. आर्मेनियात पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीला शिरेतून कर्क्युमिन दिलं, तेव्हा गाठी आटण्याच्या बाबतीत थोडा फायदा दिसला. त्यावर मोठी चाचणी जरूर व्हावी. आमटीतल्या हळदीला कुणाचीच हरकत नाही. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लक्ष्मणफळाचा काढा तर मुळीच नको. त्यातलं अ‍ॅनोनासिन मज्जापेशींना घातक आहे, आणि ग्वाडेलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार जास्त आढळल्याची नोंद १९९९ पासून आहे.

अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कर्करोग दूरवर पसरलेला नसतानाही नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांची पाहणी होती. त्यातल्या स्तन-कर्करोगाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. भारतात २०२२ मध्ये या रोगाचे नवे रुग्ण अंदाजे १ लाख ९२ हजार होते आणि मृत्यू ९८ हजार. आपल्याकडे बाया मुळातच उशिरा येतात. त्यात 'आधी तीन महिने काढा घेऊन पाहू' म्हटलं, की काढून टाकता आली असती अशी गाठ काखेत आणि हाडात जाते.

याचा सगळा दोष त्या मावशीवर टाकायला मी तयार नाही. 'घरी काही घेता का?' असं ओपीडीत किती डॉक्टर विचारतात? विचारलं तरी ते दटावणीच्या सुरात, मग बाई मान हलवते आणि पर्समधली पुडी पर्समध्येच राहते. केसपेपरवर रक्तदाब, वजन, साखर यांच्या शेजारी काढा-चूर्ण-गोळ्यांसाठी एक ओळ छापून घ्यायला कुठल्याही रुग्णालयाला खर्च येत नाही. ती ओळ प्रत्येक केमोआधी भरावी, आणि भरताना आवाज चढवू नये. तुमच्या घरात कुणाची केमो चालू असेल तर त्या ओळीची वाट बघू नका. पुढच्या खेपेला पुडी, बाटली, डबी, जे काही असेल ते पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.