डोळ्यांतील कुसळ

माघ-फाल्गुनांत आमच्या धाराशिव जिल्ह्यांत रब्बी ज्वारीची मळणी सुरू होते आणि डोळे चोळणारीं माणसें घरोघर दिसूं लागतात. ‘धूळ गेली असेल’ एवढ्यावर विषय संपतो. सुशिक्षित घरांनीं तरी तो असा संपवूं नये.

बुबुळाच्या बुरशीजन्य व्रणाचें पहिलें वर्णन 1879 सालीं थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्यानें केलें. तो रोगी शेतकरीच होता. मळणींत भुसकट उडून त्याच्या डोळ्यांत गेलें होतें. कुसळानें किंवा उसाच्या पात्यानें बुबुळ खरचटतें आणि त्या वाटेनें फ्युझेरियम, अ‍ॅस्परजिलस अशा बुरशी आंत शिरतात. सुश्रुतानें 76 नेत्ररोग सांगतांना बुबुळाच्या व्रणास ‘सव्रण शुक्र’ हें स्वतंत्र नांव दिलें आहे, तें उगीच नव्हे.

पुष्कळ घरीं अशा वेळीं खाजेचे हिस्टामिनरोधक थेंब घालतात. परागकणांनीं येणाऱ्या खाजेवर तें औषध उत्तम. बुरशीवरचा तो उपाय नव्हे. प्रयोगशाळेंत अशीं कांहीं औषधें बुरशीनाशकांचें बळ वाढवितात असें आढळलें आहे खरें, परंतु काचेच्या नळीपासून डोळ्यापर्यंतचा पल्ला लांबचा. टर्फेनाडीन नांवाची खाजेची गोळी केटोकोनाझोल या बुरशीनाशकाबरोबर घेतल्यास यकृतांत तिचें विघटन अडे व हृदयाची लय बिघडे. 1998 सालीं ती अमेरिकेच्या बाजारांतून गेली.

याहून भय स्टेरॉइडमिश्रित थेंबांचें. लाली ओसरते, ‘गुण आला’ असें सारे म्हणतात, आणि आंत बुरशी फोफावते. एकत्र कुटुंबांत धाकट्याची उरलेली बाटली फडताळांत राहते व थोरल्याच्या डोळ्यांत पडते. आजीबाई मायेनें घालतात, त्यांना हटकावें कोणी?

खरें औषध निराळेंच आहे. 1955 सालीं दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांताच्या मातींत नाटामायसिनचा शोध लागला. दक्षिण भारतांतील अरविंद नेत्ररुग्णालयांत 323 रुग्णांवर झालेल्या व 2013 सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत हें जुनें औषध व्होरिकोनाझोल या नव्या औषधाहून सरस ठरलें. मात्र व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून तें कोणास द्यावें हें ठरत नाहीं, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो.

म्हणून डोळा दुखूं लागला, उजेड सोसेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशीं जिल्हा रुग्णालय किंवा सोलापूर गांठावें. शेतावरील गड्याचा डोळा असेल, तर गाडीभाडें व औषधाचा खर्च मालकानें द्यावा; मजुरींतून कापूं नये.