ज्येष्ठांचे डे-केअर : पारख कुटुंबावरच

मुलगा-सून नोकरीवर आणि घरी विस्मरण जडलेले वडील. पुण्या-मुंबईतील अशा कुटुंबांना ज्येष्ठांची डे-केअर केंद्रे आधार वाटतात. मात्र २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तरतूद आहे ती वृद्धाश्रमांची. डे-केअरलाही कायद्याच्या कक्षेत आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये सभागृह विसर्जित होताच ते बारगळले. त्यामुळे पारख घरच्यांनीच करायची. माहितीपत्रकातील योगासने-भजने ठीक. पण स्वच्छतागृहात आधाराचे दांडे आहेत का? दुपारच्या गोळ्या कोण देते? कुणी नकळत फाटकाबाहेर पडले, तर ते किती वेळात लक्षात येईल? सकाळच्या ठरवून दिलेल्या भेटीत हे सहसा दिसत नाही. कर्मचारी थकलेले असतात त्या वेळी, दुपारी तीनच्या सुमारास, एकदा न कळवता जाऊन यावे.