हिवतापाच्या गोळ्या संपल्या, तरी डावी कूस दुखतेय? थांबू नका!

सातारा-सांगलीतले ऊसतोड मजूर, मुकादम आणि बागायतदार यांना कळकळीचं आवाहन.

हिवतापाचा रुग्ण औषध लागू पडलं की तीन-चार दिवसांत उठून बसतो. मात्र गोळ्या घेऊनही थंडी वाजून ताप येतच राहिला, डाव्या बरगडीखाली दुखू लागलं आणि खोल श्वास घेताना कळ थेट डाव्या खांद्यात गेली, तर पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, पू झालेला असू शकतो.

हिवतापाने बिघडलेल्या तांबड्या पेशी पाणथरीच गाळते, म्हणून ती सुजते. सूज फार झाली, तर एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरतो. टायफॉइडच्या जातकुळीतले किंवा दुसरे जिवाणू रक्तातून तिथे पोचले, की आत गळू धरतं. असं क्वचितच होतं. पण झालं आणि उपचार मिळाले नाहीत, तर माणूस बहुधा हातचा जातो. दुखणं दाबणाऱ्या इंजेक्शनाने दोन दिवस बरं वाटतं, पू मात्र वाढतच राहतो.

पोट चोळून घेऊ नका. पाणथरी ‘बसवायला’ पोटावर डाग तर मुळीच देऊ नका. सुजलेली पाणथरी साध्या धक्क्यानेही फुटते आणि पोटात रक्त साचतं.

अशा वेळी सोनोग्राफी हवी. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय, जवळ असेल ते गाठा. गळू वेळेत सापडलं, तर अँटिबायोटिक देऊन आणि सुईने किंवा नळीने पू काढून पुष्कळदा भागतं. उशीर झाला, तर पाणथरीच काढावी लागते. मग न्यूमोनियासारख्या आजारांच्या लसी घ्याव्या लागतात आणि पुढे जन्मभर साध्या तापालाही जपावं लागतं.

मुकादमांनो, तापाने फणफणलेल्या माणसाचा खाडा धरू नका. पैसे कापले जातील या धास्तीनेच बायामाणसं ताप अंगावर काढून फडात उतरतात. टोळी दुसऱ्या गावाला हलली की १४ दिवसांच्या गोळ्यांतल्या निम्म्या कोपीतच राहतात, त्याकडेही लक्ष द्या. ताप आला की आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, तपासणी फुकट आहे. मधुमेह असेल तर एक दिवसही दवडू नका.

चक्कर आली, दम लागला किंवा पोट एकदम कडक झालं, तर लगेच १०८ ला फोन करा. निघताना रक्ताचा रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या.